फोर-व्हील गाडीतली काकवीची डबी
(व्हिस्कस कपलिंग : ओळख, पारख आणि दुरुस्ती)



गळीत हंगाम सुरू झाला की आम्हा वाहन विभागाच्या मंडळींकडे नाना तऱ्हेच्या तक्रारी येतात. कुणाच्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट जळालेली असते, कुणाच्या ट्रॉलीचा हूक झिजलेला असतो, कुणाचे बेअरिंग ऐन फडात बसते. या सगळ्यांचे उपाय आता आपल्या गावागावांतल्या मिस्त्रींना पाठ झाले आहेत. पण एक तक्रार अशी आली की तिच्यापुढे आम्हीही पहिल्यांदा गप्प बसलो. तिची हकीकत सांगून मग मूळ विषयाकडे वळतो.

आपल्या एका सभासदाची वस्ती वेदगंगेच्या काठाला मळीच्या रानात आहे. गाव ते वस्ती एक पाणंद. मिरगाचा पाऊस लागला की त्या पाणंदीत बैलसुद्धा पोटापर्यंत रुततो. रोज पहाटे दुधाचे कॅन डेअरीला, पोरांना शाळेला, म्हाताऱ्या माणसाला दवाखान्याला न्यायचे तर चारही चाके ओढणारी गाडी हवी, म्हणून त्यांनी जुन्या बाजारातून एक बाहेरच्या बनावटीची गाडी घेतली. वर्षभर बरी चालली. मग पुढे दोन नवे टायर घातले, मागे जुनेच ठेवले. पाच-सहा महिन्यांत गाडी वळणावर आखडायला लागली. गाडी मागे घेताना कुणीतरी मागून धरल्यासारखी वाटायची. एका गॅरेजात दाखवली तर त्यांनी सांगितलं, "मधला शाफ्टच काढून टाका, कटकट मिटली." त्यांनी शाफ्ट काढला. गाडी रस्त्यावर मोकळी पळू लागली. पण त्याच पावसाळ्यात वडिलांना रात्री छातीत दुखू लागले आणि गाडी पाणंदीत रुतली. पोरांनी आणि शेजाऱ्यांनी ट्रॅक्टर लावून ओढली, दीड तास गेला. वडील वाचले हे नशीब.

उन्हाळ्यात ते आमच्याकडे आले. म्हणाले, "साहेब, शाफ्ट परत बसवायचा तर मधली कपलिंग नवी लागंल म्हणत्यात. ती बाहेरदेशातनं येणार. खोडव्याचं सगळं बिल त्यातच जाईल. दुरुस्त हुईत न्हाई का?"

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आम्ही जे शिकलो, चुकलो आणि शेवटी केले, ते या लेखात मांडले आहे. गाडी तुमच्याकडे नसली तरी लेख वाचावा. कारण यातली निम्मी गोष्ट तुमच्या ट्रॅक्टरलाही लागू आहे.

चाके वेगवेगळी का फिरतात?

ज्यांनी खळ्यावर मळणी पाहिली आहे त्यांना हे सांगावे लागणार नाही. पात धरली की तिवड्याजवळचा बैल जागच्या जागी पाय उचलतो आणि कडेचा बैल भराभर चालतो. दोघे एकाच दाव्याला, पण चाल वेगळी. गाडीचे तसेच. वळताना बाहेरचे चाक जास्त अंतर कापते, आतले कमी. म्हणून मागच्या दांड्याच्या मध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना ओढ देते आणि फरकाने फिरूही देते.

आता चारही चाकांना ओढ द्यायची म्हटली की आणखी एक फरक पुढे येतो. वळणावर पुढची चाके मोठ्या वाटेने जातात, मागची चाके वळण कापून आतून येतात. म्हणजे पुढचा दांडा आणि मागचा दांडा यांच्या चालीतही फरक पडतो. हा फरक कुठेतरी जिरवावा लागतो. तो कुठे जिरवायचा, यावरून फोर-व्हील गाड्यांच्या जाती ठरतात.

जीपची तऱ्हा

आपल्याकडे फोर-व्हील म्हणजे जीप. महिंद्र कंपनीने १९४७ साली मुंबईत विलिस जीपची जुळणी सुरू केली, तेव्हापासून पाटबंधारे खाते, वनखाते आणि साखर कारखान्यांची शेतकी खाती यांच्यासाठी जीप हेच वाहन. पुढे १९८५ साली मारुतीची जिप्सी आली. २०१० साली आणि नंतर २०२० साली नव्या रूपात थार आली. या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. लिव्हर टाकली की पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांत घट्ट अडकतात. मध्ये सूट देणारे काही नाही.

चिखलात हे उत्तम, कारण चिखलात टायर थोडा घसरतो आणि चालीतला फरक तिथेच जिरतो. पण लिव्हर टाकलेली गाडी तुम्ही कागलच्या हमरस्त्यावर नेली तर डांबर टायरला घसरू देत नाही. मग तो फरक शाफ्टात पीळ होऊन साठतो. दोरखंडाला पीळ देत जावा तसा. स्टेअरिंग जड होते, लिव्हर निघता निघत नाही, आणि शेवटी जो भाग कच्चा तो तुटतो. म्हणून जुने ड्रायव्हर सांगत, "चिखल संपला की लिव्हर काढ." हा नियम आजही तसाच आहे.

काकवीची डबी

आता व्हिस्कस कपलिंग. ही कपलिंग म्हणजे बंद डबी. बाहेरून पाहिली तर दुधाच्या किटलीएवढा लोखंडी गोल. आत अगदी पातळ पोलादी चकत्या, एकाआड एक. त्यांतल्या निम्म्या चकत्या डबीच्या भिंतीला खाचांत अडकवलेल्या आणि निम्म्या मधल्या दांड्याला. डबी एका शाफ्टाला, दांडा दुसऱ्या शाफ्टाला. चकत्या एकमेकींना टेकत नाहीत, मध्ये बारीक फट असते. त्या फटीत दाट सिलिकॉन तेल भरलेले असते.

हे तेल किती दाट? आपले साधे इंजिन ऑइल उन्हाळ्याच्या गरमीत, ४० अंशाला, सुमारे १०० सेंटीस्टोक दाट असते. पाणी साधारण १ सेंटीस्टोक. कपलिंगमधले तेल दहा-दहा हजारांच्या पटीत, काही ठिकाणी लाखाच्या घरात दाट असते. गुऱ्हाळावर काहिलीतून काढलेली काकवी थंडीत उलथन्याला जशी धरून राहते, त्याहून दाट.

आता कल्पना करा. काकवीच्या भांड्यात उलथने घातले आणि सावकाश फिरवले तर भांडे जागेवर राहते. जोराने गर्रकन फिरवले तर भांडेही हातात फिरू लागते. कपलिंगचे काम एवढेच. वळणावर दोन शाफ्टांत थोडा फरक पडला तर तेल तो फरक गिळते. पण चिखलात एक दांडा गरागरा फिरू लागला आणि दुसरा थांबलेला असला, तर तेल चकत्यांना धरून दुसऱ्या दांड्यालाही ओढीत नेते. ड्रायव्हरने लिव्हर टाकायची नाही, काढायची नाही.

यात आणखी एक खुबी आहे. फरक बराच वेळ राहिला तर तेल तापते. सिलिकॉन तेल दर १० अंश गरमीला साधारण शेकडा १ या मानाने फुगते. डबीत मुद्दाम थोडी हवा ठेवलेली असते. तेल फुगले की ती हवा दबते, आतला दाब वाढतो, आणि चकत्या एकमेकींवर दाबल्या जाऊन कपलिंग जवळजवळ घट्ट होते. गाडी रुतून चाक फिरत राहिले की ऐन गरजेला ती अशी आवळते आणि थंड झाली की पुन्हा सैल पडते. साध्या तेलापेक्षा सिलिकॉन तेल का, याचेही उत्तर इथेच आहे. काकवी तापली की पाण्यासारखी होते. सिलिकॉन तेल तापूनही त्या मानाने आपला दाटपणा बराच धरून ठेवते.

हे सुचले कुणाला?

हे वाचून तुम्हाला गंमत वाटेल. तुमच्या ट्रॅक्टरच्या मागे नांगर किंवा रोटाव्हेटर ज्या तीन दांड्यांवर उचलतो, ती थ्री-पॉइंट लिंकेज आणि नांगराच्या ओढीप्रमाणे तो आपोआप वर-खाली करणारी हायड्रॉलिक रचना हॅरी फर्ग्युसन या आयर्लंडच्या शेतकऱ्याच्या मुलाने चालू केली. जन्म १८८४, मृत्यू १९६०. त्यांच्या नावाचा मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर आपल्या रानात कुणी पाहिला नाही असे होणार नाही. मद्रासची टॅफे कंपनी १९६० सालीच स्थापन झाली आणि तिने तो ट्रॅक्टर आपल्याकडे आणला.

याच फर्ग्युसन यांनी उतारवयात इंग्लंडमध्ये मोटारींच्या चारचाकी ओढीसाठी एक संशोधन संस्था काढली होती. १९६१ साली त्या संस्थेची चारही चाके ओढणारी शर्यतीची गाडी स्टर्लिंग मॉस यांनी पावसात चालवून औल्टन पार्कची शर्यत जिंकली. पुढे त्याच संस्थेतल्या मंडळींनी व्हिस्कस कपलिंग मोटारीत वापरण्याजोगी केली. १९७९ साली, तेव्हा जीप ज्यांच्या मालकीची होती त्या अमेरिकन मोटर्स कंपनीने ईगल नावाच्या गाडीत ती घातली. १९८५ साली फोक्सवॅगनच्या सिंक्रो व्हॅनमध्ये आणि १९९७ साली लँड रोव्हरच्या फ्रीलँडरमध्ये ती आली. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत तिची जागा विजेवर चालणाऱ्या क्लचने घेतली आहे. पण जुन्या बाजारात ज्या गाड्या फिरतात त्यांत ही डबी अजून सापडते.

डबी बिघडते कशी?

बिघाड दोनच तऱ्हेचे.

पहिला, तेल गळते. ऑइल सील कडक होऊन फाटते, तेल बाहेर येते. मग कपलिंग दोन शाफ्टांना धरीतच नाही. गाडी रस्त्यावर मजेत चालते, म्हणून मालकाला पत्ता लागत नाही. पत्ता लागतो तो पाणंदीत.

दुसरा, तेल आटते म्हणा किंवा मुरते म्हणा. वर्षानुवर्षे तापून आणि चकत्यांचा बारीक पोलादी भुगा त्यात मिसळून तेल चिकाचा गोळा होते. मग कपलिंग नेहमीच आवळलेली राहते. म्हणजे जीपची लिव्हर कायम टाकून ठेवल्यासारखे. गाडी वळणावर आखडते, टायर कडेने खातात, आणि हळूहळू पुढच्या-मागच्या गिअरपेटीतले दात आणि बेअरिंग जातात. आमच्या सभासदाच्या गाडीला हाच रोग होता. गॅरेजवाल्याने शाफ्ट काढला तेव्हा रोग गेला नाही, फक्त दिसेनासा झाला.

टायरचे गणित

रोग झाला कशामुळे? आम्ही मिळून टायर मोजले. हे गणित प्रत्येकाने वहीत करून पाहावे.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते, झिजलेल्याची दोन मिलिमीटर. फरक ६ मिलिमीटर. हा फरक टायरच्या परिघात सव्वासहा पटीने दिसतो, म्हणजे जवळपास ४ सेंटिमीटर. नवा टायर एका फेरीत २२० सेंटिमीटर जात असेल तर जुना २१६ जातो.

एक किलोमीटरला नव्याच्या ४५४.५ फेऱ्या, जुन्याच्या ४६३. फरक साडेआठ फेऱ्यांच्या आसपास. दांड्याच्या गिअरचे प्रमाण चारास एक धरले तर शाफ्टात हाच फरक चौपट, म्हणजे दर किलोमीटरला सुमारे ३४ फेऱ्या. कागल ते कोल्हापूर वीस किलोमीटर धरले तर ६८० फेऱ्या, आणि त्याही सरळ रस्त्यावर, एकही वळण नसताना. ताशी ६० च्या वेगाला ती डबी मिनिटाला ३४ फेऱ्यांनी आतल्या आत घासत राहते. वळणावर चार क्षण घासायचे काम तिचे. रात्रंदिवस घासण्यासाठी ती केलेली नाही. आतले तेल मंद आचेवरच्या काहिलीसारखे तापत राहते आणि शेवटी मुरते.

दोन टायरचे पैसे वाचवायला गेले आणि कपलिंग घालवून बसले, असे हे गणित आहे.

घरच्या घरी पारख

ज्या गाडीत कपलिंग मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टात आहे तिची पारख अशी करावी.

१) गाडी सपाट, कठीण जागेवर उभी करावी. थंड असावी. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ओंडके लावावेत. इंजिन बंद, किल्ली खिशात, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला.

२) मागचे एकच चाक जॅकवर उचलावे आणि खाली पक्का घोडा लावावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कुणी खाली वाकू नये.

३) उचललेल्या चाकाच्या मधल्या नटाला सुमारे चार फुटांचा बार आडवा लावावा, नट आवळण्याच्याच दिशेने. टोकाला पाच किलोचे वजन टांगावे.

४) घड्याळ पाहावे. बार सावकाश, एका चालीने खाली आला पाहिजे. टांगताक्षणी धाडकन खाली पडला तर तेल गेले. हलेचना तर तेल मुरले.

किती सेकंद लागावेत हे गाडीगाडीला वेगळे. त्याच जातीची चांगली गाडी मिळाली तर शेजारी उभी करून दोन्हींची तुलना करावी, त्यासारखे माप नाही. थंडीत वेळ जास्त लागतो, उन्हात कमी, हेही ध्यानात ठेवावे.

आमच्या सभासदाच्या गाडीला शाफ्ट परत जोडून वजन टांगले. आम्ही चहा पिऊन आलो तरी बार जागचा हलला नव्हता.

दुरुस्ती आणि आमची चूक

पहिल्यांदा एक सांगून टाकतो. बहुतेक कंपन्या ही डबी उघडायची नाही, अख्खी बदलायची, असेच म्हणतात. म्हणून हे काम ज्याला लेथची, सीलची आणि मापाची सवय आहे अशाच माणसाने करावे. आपले भाग्य की कोल्हापूरचे उद्यमनगर शेजारी आहे. ऑइल इंजिनाचे सुटे भाग करता करता तिथल्या टर्नर-फिटर लोकांची दोन-तीन पिढ्यांची नजर तयार झाली आहे. आम्ही तिथल्याच एका जुन्या मिस्त्रींना बरोबर घेतले.

शाफ्ट काढण्याआधी प्रत्येक सांध्यावर खुणा केल्या. हे विसरले की शाफ्ट परत बसवल्यावर गाडी थरथरते. डबी बाहेरून स्वच्छ धुतली, वजन करून लिहून ठेवले. मग सर्क्लिप काढून झाकण उघडले. आत तेल कसले, डांबराचा गोळा. चकत्या एकेक काढून ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने तारेत ओवून ठेवल्या. हा क्रम चुकला तर सगळे काम फुकट.

चकत्या धुऊन उजेडात पाहिल्या. निळ्या पडलेल्या, वाकलेल्या किंवा ओरखडे पडलेल्या चकत्या पुन्हा घालू नयेत. या डबीतल्या चकत्या नशिबाने ठीक होत्या. त्यानंतर आणखी एका गाडीची डबी उघडली तर चकत्या निळ्याशार आणि एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. ती भंगारात घालावी लागली. सगळ्याच डब्या दुरुस्त होतात असे आम्ही म्हणणार नाही.

सील नवे घातले. इथे एक बारकावा आहे. सिलिकॉन रबराचे सील सिलिकॉन तेलात फुगते, म्हणून ते चालत नाही. नायट्राइल किंवा व्हायटन जातीचे, त्याच मापाचे सील घ्यावे. बेअरिंग संशयास्पद वाटले तर त्याच वेळी बदलावे, पुन्हा उघडण्याचा खर्च वाचतो.

आता आमची चूक. तेल मिळाले. आम्ही म्हटलं, कमी कशाला, काठोकाठ भरू. इंजिनात कमी तेल वाईट, हीच सवय. डबी गच्च भरली, गाडीला बसवली आणि निपाणीच्या बाजूला फेरी मारायला निघालो. थोड्याच वेळात गाडी पुन्हा आखडली, आणि परत येईपर्यंत नव्या सीलमधून तेलाच्या तारा निघत होत्या. मिस्त्रींनी डोक्याला हात लावला. "हवा कुठं ठेवली तुम्ही?" एवढंच म्हणाले.

त्यांचे म्हणणे असे समजून घ्या. समजा डबी १,००० मिलिलिटरची आहे आणि ३० अंशाला आपण ९०० मिलिलिटर तेल भरले. शंभर मिलिलिटर हवा राहिली. गाडी चालून तेल १३० अंशाला गेले, म्हणजे १०० अंश चढले. शेकडा १० या मानाने ते ९० मिलिलिटर फुगले आणि ९९० झाले. शंभराची हवा दहात कोंबली गेली. दाब दसपटीहून वर गेला. एवढा दाब चकत्या आवळायला लागतोच, आणि डबी तो सोसते. पण ९५० भरले असते तर तेलाला १,०४५ ची जागा हवी आणि डबी १,००० चीच. मग सील तरी जाणार नाहीतर डबी तरी. आम्ही तर काठोकाठ भरले होते. उलट फार कमी भरले तर दाबच होत नाही आणि गाडी चिखलात ओढ धरीत नाही. आकडे समजण्यासाठी घेतले आहेत. खऱ्या कामाला त्या त्या डबीचे कंपनीचे माप आणि त्याच दाटपणाचे तेल हवे. ते माप हाती नसेल तर कामाला हातच घालू नये.

दुसऱ्या वेळी तेल वजनाने भरले. एवढ्या दाट तेलात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, म्हणून मापाच्या भांड्यावरची रेघ फसवते. काटा फसवत नाही. सिलिकॉन तेल पाण्यापेक्षा किंचित हलके, लिटरला सुमारे ९७० ग्रॅम. तेल चकत्यांच्या फटींत उतरायला तासन् तास लागतात. रात्रभर डबी ठेवावी, सकाळी पाहावे, पुन्हा थोडे भरावे. घाईचे काम नव्हे. आम्हाला दोन दिवस लागले.

मग पुन्हा बार आणि पाच किलो. बार सावकाश, मुंगीच्या पावलाने उतरला. चारही टायर एका मापाचे घालून घेतले आणि गाडी दिली. खर्च नव्या कपलिंगच्या मानाने बराच कमी आला, मजुरी आणि आमच्या चुकीचे वाया गेलेले तेल धरूनही. पुढच्या मिरगात पाणंदीतून दुधाचे कॅन वेळेवर गेले, हे त्यांनीच येऊन सांगितले.

काम करताना पाळायच्या तीन गोष्टी. तेल भरलेल्या डबीजवळ वेल्डिंग करू नये किंवा ती गॅसने तापवू नये, फुटण्याचा धोका आहे. सिलिकॉन तेल फार तापले तर त्याचा धूर विषारी असतो, नाकात घेऊ नये. आणि या तेलाचा हात ब्रेकच्या लायनरला किंवा रंगकामाला लावू नये. जिथे लागेल तिथे रंग धरत नाही.

ट्रॅक्टरवाल्यांनी काय घ्यावे?

ट्रॅक्टरच्या फोर-व्हीलमध्ये अशी डबी नसते, तिथे जीपसारखाच घट्ट जोड असतो. पुढची लहान चाके मागच्यापेक्षा किंचित पुढे ओढतील असे गिअर कंपनी मुद्दाम घालते. म्हणून पुढचे-मागचे टायर कंपनीने सांगितलेल्या जोडीचेच हवेत. मागे नवे घातले आणि पुढे झिजलेले ठेवले की ते गणित मोडते. रानात फोर-व्हील टाकावी, डांबरावर आले की काढावी, नाहीतर पुढच्या टायरच्या गोट्या एका हंगामात जातात. मात्र भरलेल्या ट्रॉल्या घेऊन उतार उतरताना कंपनीचे पुस्तक पाहावे. कित्येक ट्रॅक्टरांना पुढच्या चाकांना वेगळे ब्रेक नसतात. फोर-व्हील टाकल्यावरच ब्रेकचा जोर पुढच्या चाकांपर्यंत पोचतो.

दुसरे, इंजिनाचा पंखा. अनेक जीप, ट्रक आणि टिपरांच्या पंख्यात हीच काकवीची डबी लहान रूपात असते. तिच्या तोंडाशी दोन धातूंची पट्टी असते. रेडिएटरची गरम हवा लागली की पट्टी वाकते, तेलाला वाट मिळते आणि पंखा जोर धरतो. इंजिन थंड आणि बंद असताना पंखा हाताने फिरवावा. थोडा अडून थांबला तर ठीक. भिंगरीसारखा चार-पाच फेरे गेला, किंवा मधल्या गोलावर तेलाचे ओघळ दिसले, तर तेल गेले. मग घाटात भरल्या गाडीचे इंजिन तापणारच. त्यात इंजिन ऑइल किंवा गिअर ऑइल ओतून काही होत नाही.

थोडक्यात लक्षात ठेवावे

१) जुनी फोर-व्हील गाडी घेण्याआधी आत कुठली रचना आहे ते विचारावे आणि एक चाक उचलून पारख करावी. मधला शाफ्ट जागेवर आहे का, हे खाली वाकून पाहावे.

२) चारही टायर एकाच मापाचे, एकाच बनावटीचे, सारख्या झिजीचे. हवेचा दाब पुस्तकाप्रमाणे.

३) वळणावर गाडी आखडली तर त्याच आठवड्यात दाखवावी. उशीर केला की गिअरपेटी जाते.

४) अशी गाडी बंद पडली तर दोन चाके उचलून, दोन जमिनीवर ठेवून ओढून नेऊ नये. चारही चाके वर घेऊन न्यावी.

५) डबी उघडायची तर माप, तेल आणि जाणता मिस्त्री या तिन्ही गोष्टी आधी जमवाव्यात.

६) शाफ्ट काढून टाकणे ही दुरुस्ती नव्हे. काढलाच, तर घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे की गाडी आता दोनच चाकांवर ओढते. अडचणीच्या रात्री तरी कुणी फसू नये.

ज्या सभासदांच्या गाडीबद्दल शंका असेल त्यांनी हंगाम संपल्यावर, गर्दी नसताना, गाडी घेऊन वाहन विभागात यावे. बार आणि पाच किलोचे वजन आम्ही जागेवरच ठेवले आहे.